दोन तास पस्तीस मिनिटं ते पंचावन्न सेकंद: जड गटाच्या कुस्तीत दमाचा हिशोब

ऐकण्यापेक्षा वाचायला ज्यांना आवडतं, त्यांच्यासाठी या भागाचा हा लेखी अवतार. बोलताना दर वाक्याला येणारे "म्हणजे" आणि "तर" गाळलेत, बाकी सगळं तसंच ठेवलंय.

आजचा प्रश्न साधा आहे. शंभर किलोच्या आसपासचे दोन पैलवान समोरासमोर आले की कोण जिंकतो? बहुतेकांचं पटकन उत्तर असतं, ज्याच्यात ताकद जास्त तो. पण जुन्या वस्तादांना विचारा, ते ताकदीचं नाव दुसऱ्या नंबरला घेतात. पहिला शब्द येतो तो "दम". आपल्याकडे दम शब्दाचे अर्थ किती बघा. दम म्हणजे श्वास, दम म्हणजे धीर, दम म्हणजे धमकीसुद्धा. "दम धर", "दम लागला", "दम दिला". कुस्तीत हे तिन्ही अर्थ एकाच वेळी चालतात, आणि माझं आजचं म्हणणं तेच आहे. नुसता स्वतःचा दम मोठा असून भागत नाही. समोरच्याला त्याचा दम खर्च करायला लावता आला पाहिजे. कुस्तीची गती जो ठरवतो, तो कुस्ती ठरवतो.

आधी थोडं शरीराचं गणित, कारण त्याशिवाय पुढचा इतिहास नीट कळणार नाही.

आपल्या स्नायूंकडे ताकदीच्या तीन टाक्या आहेत असं समजा. पहिली टाकी अगदी लहान, स्नायूतच साठवलेली. पूर्ण जोर लावला तर साधारण दहा सेकंदांत रिकामी. ढाक मारताना, पट काढताना जो झटका लागतो तो या टाकीतून. दुसरी टाकी साखरेची, ऑक्सिजन न वापरता चालणारी. ती जोरदार मेहनतीत एक-दोन मिनिटं साथ देते आणि मग हात-पाय जड व्हायला लागतात. तिसरी टाकी श्वासाची. ती मोठी आहे, पण तिचा नळ बारीक. हळूहळू मिळतं, पण मिळत राहतं. आणि महत्त्वाचं म्हणजे पहिली टाकी पुन्हा भरायचं कामही हीच तिसरी टाकी करते.

जड पैलवानाची अडचण इथेच आहे. वजन वाढतं त्या प्रमाणात हृदय आणि फुप्फुसांची ताकद वाढत नाही. ६० किलोच्या पैलवानाच्या दर किलोला जितका ऑक्सिजन मिळतो, तितका १२० किलोवाल्याच्या दर किलोला मिळत नाही. शिवाय मोठ्या शरीराची उष्णता बाहेर पडायला त्वचा तुलनेने कमी पडते. म्हणजे तो लवकर तापतो आणि उशिरा सावरतो. मी दिवसभर सर्व्हरचे आलेख बघत बसणारा माणूस, त्यामुळे मला हे असं दिसतं: सिस्टीम सरासरी लोडने पडत नाही. एका झटक्यातून सावरायच्या आत दुसरा झटका आला की पडते. जड गटात नेमकं हेच होतं. पहिला हल्ला दोघेही परतवतात. तिसरा हल्ला चाळीस सेकंदांच्या आत आला, तर कुणीतरी एक जण अर्धा पाऊल मागे असतो.

आता इतिहासात जाऊ.

१९१० साल, लंडन. गामा पैलवान तिथे पोचलेला. उंची सुमारे पाच फूट सात इंच, वजन नव्वद किलोच्या आसपास. अमेरिकेच्या बेंजामिन रोलरला त्याने हरवलं आणि मग १० सप्टेंबरला समोर आला पोलंडचा स्टॅनिस्लॉस झिबिस्को, त्या काळातला जगातला एक नामांकित जड पैलवान. गामाने सुरुवातीलाच त्याला खाली घेतलं. आता कुस्ती संपणार असं वाटत असताना झिबिस्कोने एक निर्णय घेतला. तो पोटावर पडून मॅटला चिकटला आणि उठलाच नाही. किती वेळ? दोन तास पस्तीस मिनिटं! शेवटी कुस्ती बरोबरीत सोडवली. पुढच्या आठवड्यात, १७ सप्टेंबरला, पुन्हा लढत ठेवली होती. झिबिस्को आलाच नाही आणि गामाला विजयी घोषित केलं.

गामाच्या हजारो बैठकांच्या गोष्टी आपण लहानपणापासून ऐकल्यात. आकड्यांचा वाद बाजूला ठेवू, पण अडीच तास सतत वरून हल्ला करत राहणं ही काही खायची गोष्ट नाही. तरी तो चितपट करू शकला नाही. का? कारण झिबिस्कोने आपला दम खर्चच केला नाही. जड माणूस पोटावर पसरून पडला की त्याचं वजन त्याच्यासाठी फुकटात काम करतं. खर्च सगळा उलटवणाऱ्याचा. म्हणजे दम गामाकडे जास्त होता, पण कुस्तीची गती झिबिस्कोने ठरवली, आणि ती गती शून्य होती.

याच दोघांची पुढची कुस्ती १९२८ साली पटियाळ्यात झाली. दोघेही पन्नाशीला टेकलेले. ही कुस्ती एक मिनिटसुद्धा चालली नाही. गामाने झिबिस्कोला चितपट केलं. तीच दोन माणसं, एकदा अडीच तास आणि एकदा मिनिटाच्या आत. यावेळी झिबिस्कोला खाली चिकटायला वेळच मिळाला नाही. पहिल्या टाकीतच निकाल लागला.

आता १९१२ कडे या. या एका वर्षात दोन गोष्टी घडल्या आणि मला त्या शेजारी शेजारी ठेवायला आवडतात.

पहिली आपल्या कोल्हापुरात. शाहू महाराजांनी बांधायला घेतलेलं खासबाग मैदान पूर्ण झालं. १९०२ च्या युरोप दौऱ्यात रोमचं प्राचीन क्रीडागार पाहून ही कल्पना सुचली असं सांगितलं जातं. मधोमध खोलगट मातीचा आखाडा, भोवती चढत जाणारी बैठक, आणि हजारो माणसांना कुठूनही कुस्ती दिसेल अशी रचना. महाराजांनी उत्तरेतल्या मोठ्या मल्लांना आश्रय दिला, गावोगावच्या पोरांना तालमीत आणलं. कोल्हापूर कुस्तीची पंढरी झालं ते इथून.

दुसरी गोष्ट स्टॉकहोमच्या ऑलिंपिकमध्ये. तिथे ग्रीको-रोमन कुस्तीत मिडलवेट गटात मार्टिन क्लाइन आणि फिनलंडचा आल्फ्रेड असिकाइनन यांची लढत अकरा तास चाळीस मिनिटं चालली. उन्हात, मध्ये थोडी थोडी विश्रांती घेत. क्लाइन जिंकला, पण त्याच्या अंगात अंतिम फेरी खेळायचं त्राणच उरलं नाही. सुवर्णपदक दुसऱ्याला मिळालं. लाइट हेवीवेटची अंतिम लढत तर नऊ तास चालली आणि पंचांनी कंटाळून दोघांनाही रौप्य दिलं. त्या गटात सुवर्ण कुणालाच नाही.

म्हणजे एकीकडे आपण निकाली कुस्तीसाठी भव्य मैदान उभारत होतो, आणि त्याच वर्षी जगाला कळत होतं की वेळेची मर्यादा नसेल तर कुस्ती ही फक्त सहनशक्तीची परीक्षा होऊन बसते. पुढच्या शंभर वर्षांत आंतरराष्ट्रीय कुस्तीचे नियम एकाच दिशेने गेले: वेळ कमी, वेग जास्त. १९५२ ला लढत पंधरा मिनिटांची होती. १९७२ च्या सुमारास तीन-तीन मिनिटांचे तीन भाग. १९८० च्या दशकात तीन मिनिटांचे दोन भाग. २००५ नंतर काही वर्षं दोन-दोन मिनिटांचे तुकडे, आणि २०१३ पासून पुन्हा तीन अधिक तीन, मध्ये तीस सेकंद विश्रांती.

शिवाय निष्क्रियतेचा नियम. जो पैलवान नुसता ढकलाढकली करतो त्याला पंच आधी ताकीद देतात, मग तीस सेकंदांचं घड्याळ लावतात. त्या तीस सेकंदांत गुणच झाला नाही, तर समोरच्याला एक गुण फुकट. झिबिस्को आज असता तर त्याला तीन मिनिटंही असं पडून राहता आलं नसतं. पंचांनी उठवून उभं केलं असतं.

यामुळे एक मोठा बदल झाला. पूर्वी गती ठरवायचा अधिकार पूर्ण पैलवानाचा होता. आता त्यातला मोठा वाटा नियमाने घेतला. घड्याळ हा आखाड्यातला तिसरा पैलवान झाला.

इथे खाशाबांची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. खाशाबा जाधव जड गटातले नव्हते, बँटमवेट, ५७ किलो. कराडजवळच्या गोळेश्वरचे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्य मिळवून स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक त्यांनी आणलं, हे आपल्याला पाठ आहे. पण ते पदक कांस्यच का राहिलं? जपानच्या शोहाची इशीईशी त्यांची दमछाक करणारी लांबलचक लढत झाली आणि ती थोडक्यात गेली. नियमाप्रमाणे पुढच्या लढतीआधी किमान अर्धा तास विश्रांती मिळायला हवी होती. पण त्यांना लगेच सोव्हिएत युनियनच्या रशीद मम्मदबेयोवसमोर उभं केलं. हरकत घ्यायला भारताचा एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. थकलेले खाशाबा ती लढत हरले. इशीईने सुवर्ण नेलं, मम्मदबेयोवने रौप्य.

तीस मिनिटं. शरीराच्या भाषेत तीस मिनिटं म्हणजे पहिली टाकी पूर्ण भरणं आणि दुसरीतला कचरा बराचसा साफ होणं. डाव येत होते, ताकद होती. कमी पडला तो श्वास परत मिळवायचा वेळ. आणि तो वेळ मागून घेणारं माणूस सोबत असणं हासुद्धा दमाचाच भाग आहे, असं मला वाटतं.

आता थोडं बॉक्सिंगकडे, कारण गती आणि दमाचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण तिथलं आहे. ३० ऑक्टोबर १९७४, किन्शासा. हेवीवेटचा विजेता जॉर्ज फोरमन, वय २५, चाळीसपैकी चाळीस लढती जिंकलेला. आधीच्या आठ लढती तर दुसऱ्या राउंडच्या पुढे गेल्याच नव्हत्या. समोर ३२ वर्षांचा मोहम्मद अली. सगळ्यांना वाटलं अली पळत राहील. अली दुसऱ्या राउंडपासून दोरीला टेकून उभा राहिला, हात वर घेतले आणि फोरमनला मारू दिलं. दमट हवा, जड हात, आणि फोरमन पूर्ण जोराने ठोसे मारतोय. त्यातले बरेच अलीच्या हातांवर आणि दंडांवर. आठव्या राउंडला फोरमनचे हात खाली आले आणि अलीने त्याला पाडलं.

याला लोक "अलीचा स्टॅमिना" म्हणतात. माझं म्हणणं, ती अलीची गती होती. फोरमनला वाटत होतं हल्ला मी करतोय म्हणजे लढत माझ्या हातात आहे. प्रत्यक्षात तो स्वतःच्या टाक्या रिकाम्या करत होता. झिबिस्कोने जे जमिनीवर पडून केलं, तेच अलीने दोरीला टेकून केलं. फरक एवढाच की अलीकडे शेवटचा डाव राखून ठेवलेला होता. झिबिस्कोकडे तो नव्हता, त्याला फक्त वाचायचं होतं.

चला, घरी येऊ. महाराष्ट्र केसरी. १९६१ पासून दिली जाणारी ही गदा म्हणजे आपल्याकडच्या जड गटाची सर्वोच्च परीक्षा. रचना तुम्हाला माहीतच आहे: एक विजेता माती विभागातून, एक गादी विभागातून, आणि दोघांची शेवटची कुस्ती गादीवर. म्हणजे मातीवरून आलेल्याला अखेर घड्याळाच्या आणि गुणांच्या जगात यावंच लागतं.

जानेवारी २०२०, पुणे, बालेवाडी. अंतिम कुस्ती आपल्या नाशिकच्या हर्षवर्धन सदगीरची लातूरच्या शैलेश शेळकेशी. हर्षवर्धन मूळचा अकोले तालुक्यातला, कुस्तीचे सुरुवातीचे धडे भगूरच्या तालमीत, आणि नंतर पुण्यात काका पवारांकडे. गंमत अशी की शैलेशही काका पवारांचाच पठ्ठा. दोघेही एकाच तालमीत घाम गाळलेले. ३-२ अशी निसटती कुस्ती हर्षवर्धनने जिंकली आणि मग शैलेशला खांद्यावर उचलून घेतलं. तो फोटो तुम्ही पाहिला असेल.

पण मला त्या ३-२ मध्ये रस आहे. दोन मोठे पैलवान, पूर्ण सहा मिनिटं, आणि दोघांचे मिळून फक्त पाच गुण. रोज एकमेकांशी सराव करणाऱ्या दोघांना एकमेकांचे डाव तर माहीत असतातच, पण समोरच्याचा श्वास कधी लागतो हेसुद्धा माहीत असतं. अशा कुस्तीत कुणीच उगाच टाकी रिकामी करत नाही. खडाखडी लांबते, हात मानेवर, कपाळ कपाळाला. प्रेक्षकाला वाटतं काहीच चाललं नाही. खरं तर तिथेच सगळं चाललेलं असतं. मानेवर हात टाकून वजनाचं ओझं द्यायचं, समोरच्याला ते पेलत उभं ठेवायचं, म्हणजे त्याची मान, कंबर आणि मांड्या डाव न करताही खर्च होत राहतात. जड गटातलं हे मुख्य हत्यार. ते टीव्हीवर दिसत नाही, गुणफलकावरही येत नाही.

कुणी म्हणेल, हे सगळं ठीक, पण जानेवारी २०२३ चं काय? पुण्यातच शिवराज राक्षेने महेंद्र गायकवाडला अवघ्या पंचावन्न सेकंदांत चितपट करून गदा घेतली. तिथे दमाचा संबंध कुठे आला?

आक्षेप रास्त आहे. जड गटात एक डाव नीट बसला की पडणाऱ्याचं वजनच त्याच्या विरुद्ध काम करतं, आणि कुस्ती श्वास लागायच्या आत संपते. अशी कुस्ती दमावर ठरली असं म्हणणं म्हणजे ओढूनताणून आहे. पण गतीवर ठरली असं मी नक्की म्हणेन. ताज्या अंगाने, समोरचा स्थिरावायच्या आत गेलं की निकाल वेगळा लागतो. पटियाळ्यात गामाने तेच केलं होतं. आणि गंमत बघा, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये धाराशिवला शिवराजने पुन्हा गदा जिंकली, या वेळी समोर आपला हर्षवर्धन होता. ती कुस्ती ६-० अशी गुणांवर गेली. म्हणजे एकाच पैलवानाने एका वर्षात दोन गदा जिंकल्या, एक झटक्यात आणि एक गुणागुणाने. ज्याला दोन्ही गती येतात, त्याच्याशी लढणं सगळ्यात अवघड. समोरच्याला कळतच नाही की दम राखायचा की उधळायचा.

आता यात आपलं काय अडकलंय ते बोलतो.

१९५२ नंतर महाराष्ट्राच्या एकाही पैलवानाने ऑलिंपिक पदक आणलेलं नाही. राज्याला पुढचं वैयक्तिक पदक मिळायला ७२ वर्षं लागली, आणि २०२४ ला ते पॅरिसमध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने नेमबाजीत मिळवलं. मधल्या काळात आपल्याकडे जड पैलवान नव्हते का? होते की. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत गणपतराव आंदळकर आणि मारुती माने यांनी प्रत्येकी एक सुवर्ण आणि एक रौप्य आणलं. १९७४ ला दादू चौगुलेंनी राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य मिळवलं. लाल मातीत वाढलेली माणसं होती ही, आणि ती जगाशी भिडली.

मग नंतर काय झालं? कारणं बरीच आहेत: मॅटची कमतरता, हरियाणात लवकर झालेला बदल, नोकऱ्या, संघटनांची भांडणं. पण मला एक कारण गतीचं वाटतं. आपल्या पोरांची कमाई जत्रेच्या मैदानावर आहे. तिथे कुस्ती वेगळ्या लयीत चालते. माती पायाला धरते, वेग कमी होतो, खडाखडीला वेळ असतो, हलगी वाजत असते, आणि लोकांना निकाली कुस्ती हवी असते. इनाम त्यावर मिळतो. त्या इनामातून दूध, तूप, बदामाचा खुराक चालतो, आणि जड पैलवानाचा खुराक काही स्वस्त नाही. म्हणजे घर चालवणारी कुस्ती शरीराला एक लय शिकवते आणि पदक देणारी कुस्ती दुसरीच लय मागते. वीस वर्षांच्या पोराने कोणती निवडायची? "मॅटवर ये" असं सांगणं सोपं आहे. तोवर त्याच्या खुराकाचे पैसे कोण देणार, हा प्रश्न आपण विचारत नाही.

माती सोडा असं मी म्हणत नाहीये. माती पकड देते, मांड्या देते, पडायची भीती घालवते. मातीतल्या लांब लढतीतून तिसरी टाकी मोठी होते. कमी पडतो तो झटक्यांमधला वेळ: हल्ला, पाच सेकंद श्वास, पुन्हा हल्ला, असं सहा मिनिटं. हे वेगळं शिकवावं लागतं आणि अलीकडे काही तालमींमध्ये ते शिकवलंही जातंय. माती आणि गादी एकाच छपराखाली असलेल्या तालमी वाढतायत, ही माझ्या दृष्टीने चांगली बातमी आहे.

पुढच्या वेळी महाराष्ट्र केसरीची अंतिम कुस्ती बघाल तेव्हा एक करून बघा. गुणफलकाकडे थोडं दुर्लक्ष करा. दुसरा भाग सुरू झाला की दोघांची तोंडं बघा. तोंड उघडं कुणाचं आहे? शिट्टी वाजल्यावर मध्यभागी परत यायला कोण वेळ लावतोय? कमरेवर हात कुणाचे गेले? लंगोट नीट करायला, बँडेज बांधायला कोण थांबतोय? बऱ्याचदा निकाल तिथे आधी लागतो, पंचांचा हात नंतर वर जातो.

आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या गावच्या मैदानातली लांबलेली एखादी कुस्ती आठवत असेल, कोण कोणाशी, किती वेळ आणि शेवटी काय झालं, तर जरूर लिहून पाठवा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून पाठवलंत तर अजून बरं. असल्या आठवणी कुठल्या गुणफलकावर नसतात, त्या त्यांच्यासोबतच जातात. पुढच्या भागात भेटू.